नऊ घट्ट, दहा सैल : गोलकीपरच्या ग्लोव्हजचं माप ठरवायचं कसं?

तुम्ही लिहिलंय त्याचा गाभा असा: तळव्याचा घेर २०.५ सेंटिमीटर भरला, कंपनीच्या तक्त्यावर बोट ठेवून ९ नंबरचे ग्लोव्हज घेतले, तर बोटांची टोकं आत दाबली जातात. बदलून १० नंबर घेतला, तर बोटं सुखावली, पण जोराचा फटका अडवला की ग्लोव्ह हातावर फिरतो. म्हणून विचारताय की ९ बरोबर की १०. शिवाय भाच्याचाही प्रश्न जोडलाय: तो अकरा वर्षांचा आहे, त्याला दोन नंबर मोठे घेतले तर दोन वर्षं पुरतील का? भाच्याकडे शेवटी येतो.

जाता जाता तुम्ही आणखी एक आकडा दिलाय. मनगटाच्या वळीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत हात १९.८ सेंटिमीटर लांब. तुम्ही तो सहज लिहिला असेल, माझी नजर मात्र आधी त्यावरच गेली. तुमच्या घेराच्या मानाने हा हात चांगलाच लांब आहे. म्हणजे तुमची अडचण ९ की १० ही नाहीच. हात लांब आणि अरुंद आहे, आणि ग्लोव्हवर छापलेल्या एकाच नंबरने लांबी आणि रुंदी दोन्ही सांगावी अशी आपण अपेक्षा धरून बसलोय. ग्लोव्ह बेतणारा एक सरासरी हात डोळ्यांसमोर ठेवतो. त्या सरासरीपासून तुमचा हात जितका लांब, तितका तो नंबर तुम्हाला फसवणार.

पुढे जे सांगणार आहे ते सगळं एका वाक्याभोवती फिरतं, म्हणून ते आधीच सांगून टाकतो: नंबर लांबीवरून ठरवा, रुंदीचं काम कटवर, म्हणजे ग्लोव्हचे तुकडे जोडायच्या पद्धतीवर, सोपवा.

आता कबुलीही देतो. मी तुमचा हात पाहिलेला नाही. दोन कंपन्यांचे ९ नंबर एकमेकांशेजारी ठेवले तर एक दुसऱ्यापेक्षा बोटभर रुंद निघाल्याचं मी कित्येकदा पाहिलंय. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांतही फरक पडतो. तुम्ही बोटांना टेप गुंडाळून खेळता का, ओल्या मैदानावर जास्त खेळता का, घट्ट आवडतं की मोकळं, यावरही उत्तर थोडं इकडेतिकडे सरकतं. त्यामुळे शेवटी मी एक नंबर सांगेन खरा, पण त्यामागचा हिशेब कळला तर पुढच्या खेपेला मला विचारायची गरज पडू नये.

हा नंबर आला कुठून ते पाहिलं की त्याच्यावर किती विसंबायचं ते कळतं. तो गोलकीपरांसाठी जन्मलाच नव्हता. फ्रान्समधल्या ग्रनोबल शहरात झाविए जूवँ नावाच्या हातमोजे कारागिराने १८३०च्या दशकात हातांची मापं गोळा केली, त्यांची वर्गवारी लावली आणि चामडी मोजे ठरावीक मापांत कापायची पद्धत बसवली. पातळ चामड्याचा मोजा हाताला चिकटून बसतो. त्यामुळे तळव्याचा घेर जितके इंच तितका नंबर, असा साधा हिशेब त्या धंद्यात रुळला. आपल्या ग्लोव्हमध्ये मात्र तळव्याला साधारण ३ ते ४ मिलिमीटर लेटेक्स, त्याच्यामागे फोमचा थर आणि पाठीवर वेगळी गादी असते. एवढा ऐवज आत घालून हातालाही जागा द्यायची म्हटल्यावर माप वाढणारच. म्हणून बहुतेक तक्ते सांगतात: घेर इंचांत मोजा, वरच्या आकड्यापर्यंत न्या, त्यात एक मिळवा.

ऐकायला सोपं आहे. तुमच्यावरच लावून पाहू. २०.५ सेंटिमीटर म्हणजे ८.०७ इंच. जवळच्या अर्ध्या इंचाला नेलं तर ८, अधिक १ म्हणजे ९ नंबर. पुढच्या अर्ध्या इंचाला नेलं तर ८.५, अधिक १ म्हणजे ९.५. पुढच्या पूर्ण इंचाला नेलं तर ९, अधिक १ म्हणजे १०. एकच हात, एकच टेप, तीन उत्तरं! आणि टेप दोन मिलिमीटर घट्ट ओढली असती, म्हणजे घेर २०.३ आला असता, तर तो ८ इंचांच्या आत बसून तिन्ही वाटांनी ९ नंबरच निघाला असता. मापात पाप कुणी केलेलं नाही, पद्धतच इतकी ठोकळ आहे. तक्ता तुम्हाला योग्य गल्लीपर्यंत नेतो, घर तुम्हालाच शोधायचं असतं.

तरीही मोजताना काळजी घ्या, कारण सुरुवातच चुकली तर गल्लीही चुकते. शिंप्याकडे असते तशी कापडी टेप घ्या, नसेल तर सुतळी गुंडाळून पट्टीवर मोजा. हात सपाट, बोटं एकमेकांना लागलेली, अंगठा बाजूला. टेप बोटांच्या मुळाशी असलेल्या गाठींवरून फिरवायची, अंगठ्याला आत घ्यायचं नाही. ती त्वचेला टेकावी, रुतू नये. दोन्ही हात मोजा. बहुतेकांचा लिहिता हात किंचित मोठा असतो, तोच धरायचा. आणि सकाळी उठल्या उठल्या नका मोजू, सरावानंतर मोजा. खेळताना हात तापतात, थोडे फुगतात, आणि ग्लोव्ह त्या फुगलेल्या हातात घालायचा असतो. पंधरा मिनिटं वॉर्मअप करून मोजलं तरी पुरे.

आता लांबी. कारखान्यात वापरायच्या संरक्षक हातमोज्यांसाठी युरोपात एक मानक आहे आणि त्यात हातांच्या मापांची सारणी दिलेली असते. ती कीपरच्या ग्लोव्हजची सारणी नव्हे, तिथे अधिक एक वगैरे भानगड नाही. पण सरासरी हाताची ठेवण कशी धरतात हे तिच्यावरून छान कळतं. ८ नंबरच्या हाताला घेर २०३ मिलिमीटर आणि लांबी १८२. ९ नंबरला घेर २२९, लांबी १९२. १० नंबरला घेर २५४, लांबी २०४. तुमचा घेर २०५, म्हणजे जवळजवळ ८ नंबरचा हात. लांबी १९८, म्हणजे ९ आणि १०च्या मध्ये. तळवा एका नंबरचा आणि बोटं दीड नंबर पुढची! ९ नंबरच्या ग्लोव्हमध्ये बोटं का दबतात आणि १० नंबरमध्ये तळवा का पोहतो, या दोन्हींचं कारण हेच.

उलटा हातही असतो, आखूड बोटं आणि रुंद पंजा. माझ्याकडे शिकायला आलेला एक मुलगा असाच होता. त्याला घेरावरून नंबर दिला की प्रत्येक बोटापुढे सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर पोकळी राहायची. तो बिचारा समजायचा की आपले हातच कीपरचे नाहीत. कट बदलला, नंबर अर्धा उतरवला, तक्रार संपली.

कटचा विषय जरा तपशिलात घेतो, कारण दुकानात किंवा ऑनलाइन घेताना लोक रंग बघतात, फार तर लेटेक्सची जात बघतात आणि कटची ओळ वाचतच नाहीत. कट म्हणजे तळव्याचा तुकडा आणि पाठीचा तुकडा एकमेकांना कसे जोडलेत ते.

फ्लॅट कट सगळ्यांत जुना. लेटेक्सचा सपाट तुकडा हाताच्या आकारात कापलेला, बोटांच्या बाजूंना जाळीच्या किंवा कापडाच्या पट्ट्या, शिवण बाहेरून. आत जागा ऐसपैस. रुंद पंजाला हा स्वर्ग, तुमच्यासारख्या हाताला मात्र बोटाभोवती सगळीकडून हवा. तुम्ही ज्या १० नंबरबद्दल लिहिलंय तो फ्लॅट कट असावा अशी मला दाट शंका आहे. शिवण बोटाच्या कडेला बाहेर आलेली दिसते का, ते पाहून घ्या.

निगेटिव्ह कटमध्ये तीच शिवण आतल्या बाजूला नेलेली असते. आतली जागा आपोआप आक्रसते आणि ग्लोव्ह बोटाला चापून बसतो. अरुंद हात, सडपातळ बोटं यांच्यासाठी मी पहिल्यांदा हाच हातात देतो. पण तो घट्ट असतो म्हणून नेहमीचा नंबर घेऊन चालत नाही, पुष्कळांना अर्धा नंबर वर जावं लागतं. तुमच्यासाठी हे पथ्यावरच पडतं, कारण वर गेलात की लांबी मिळते आणि रुंदी कटने आधीच आवळलेली असते. काहींना आतली शिवण नखाच्या कडेला टोचते. पहिले दोन-तीन सराव त्रास होतो, मग शिवण मऊ पडते. नाहीच पडली तर तो कट तुमच्यासाठी नाही, हट्ट करू नका.

रोल फिंगरमध्ये लेटेक्सच बोटाभोवती वळवून थेट पाठीला जोडलेलं असतं, बाजूच्या पट्ट्या नाहीत. बोट चहूबाजूंनी लेटेक्समध्ये, चेंडूला लागणारा भाग जास्त. बसतो नीट, निगेटिव्हइतका आवळत नाही. लांब बोटांना तो चांगला जातो, फक्त जाडसर वाटतो आणि चेंडूचा अंदाज थोडा बोथट होतो असं माझ्या हाताला वाटतं. आता बाजारात हायब्रिडचीच चलती आहे, म्हणजे तर्जनी आणि करंगळी रोल, मधली दोन बोटं निगेटिव्ह, किंवा याच्या उलट. त्यांच्याबद्दल सरसकट काही सांगता येत नाही, घालूनच बघावे लागतात.

बोटांमागे प्लास्टिकच्या काड्या असलेले ग्लोव्हज घ्यायचे का, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण मापाशी त्याचा थेट संबंध आहे. त्या काड्या बोटाला मागे मुडपू देत नाहीत, पुढे मात्र वाकतात. ग्लोव्ह लांबीला जास्त असेल तर काडीचा वाकण्याचा सांधा तुमच्या बोटाच्या सांध्यावर येत नाही. तो पुढे सरकतो आणि मूठ वळताना काडी बोटाशी भांडते. ग्लोव्ह आखूड असेल तर काडीचं खालचं टोक बोटाच्या मुळाशी रुततं. एका मुलीला मी स्वतः चुकीचा सल्ला दिला होता. ती म्हणायची चेंडू पकडताना बोटं मिटत नाहीत, मी म्हणालो ग्लोव्ह लहान होतोय, नंबर वाढव. वाढवला तर आणखी बिघडलं. महिनाभराने काड्या काढून बघितल्या आणि जुन्याच नंबरमध्ये तिचा हात छान चालायला लागला. तेव्हापासून मी मापाचा विचार करताना काड्या आधी बाहेर काढतो. तुमच्या ९ नंबरमध्ये त्या असतील आणि निघणाऱ्या असतील तर काढून एकदा घालून बघा. बोटं दबण्यातला काही भाग त्यांचा असू शकतो.

आता ग्लोव्ह हातात आल्यावर काय पाहायचं. लोक हात आत सरकवतात, दोनदा टाळी वाजवतात आणि म्हणतात बसला. असं नको. दोन्ही ग्लोव्हज घाला. बोटांच्या बेचक्यात कापड पूर्ण खाली बसेपर्यंत दुसऱ्या हाताने दाबा, म्हणजे हाताची बेचकी ग्लोव्हच्या बेचक्याला टेकली पाहिजे. ही पायरी चुकली की पुढचं सगळं चुकतं. बेचक्यात एक सेंटिमीटर पोकळी ठेवून ग्लोव्ह आखूड आहे म्हणणारे कितीतरी भेटले, ग्लोव्ह बरोबरच होता, हात पूर्ण आत गेला नव्हता. मग मनगटाचा पट्टा खेळताना आवळता तितका आवळा. पट्टा ओढला की ग्लोव्ह मनगटाकडे थोडा खेचला जातो आणि टोकाशी असलेली जागा कमी होते. म्हणून टोकाची तपासणी पट्टा लावल्यानंतरच.

मधल्या बोटाच्या टोकापुढे जी रिकामी जागा उरते ती चिमटीत धरून पाहा. दुसऱ्या कुणाला पाहायला सांगितलं तर उत्तम, कारण दोन्ही हातांत ग्लोव्हज असताना आपली चिमूट आपल्यालाच फसवते. मोठ्या माणसाला अर्धा ते एक सेंटिमीटर जागा मला योग्य वाटते. अर्ध्यापेक्षा कमी असेल तर चेंडू टोकावर आदळताना बोट शिवणीवर जाऊन थडकतं. एकापेक्षा बरीच जास्त असेल तर तुमच्या बोटापुढे जो लेटेक्सचा तुकडा आहे त्याच्या पाठीशी कुणीच नाही. फक्त मधलं बोट बघून थांबू नका. करंगळी आणि अंगठा नेहमी राहून जातात, आणि अंगठ्याची शिवण सगळ्यांत आधी उसवते.

यानंतर चेंडू. चेंडूशिवाय माप घेणं म्हणजे पाण्यात न उतरता पोहणं. ५ नंबरच्या चेंडूचा घेर नियमाप्रमाणे ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. तो वरून एका हाताने धरून उचलायचा प्रयत्न करा, हात ताणला की बोटांच्या टोकांवर ताण येतो का ते कळेल. मग दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जवळ आणून चेंडू छातीपुढे घ्या, आणि भिंतीपासून दोन-तीन पावलांवर उभं राहून तो जोरात आपटून झेलत राहा. वीस-पंचवीस झेलांनंतर हाताकडे बघा. ग्लोव्हच्या तळव्याची मधली रेषा अजून तुमच्या मधल्या बोटाच्या रेषेत आहे का? ती अंगठ्याकडे किंवा करंगळीकडे घसरली असेल तर ग्लोव्ह रुंद आहे, नंबर काहीही असो. शेवटी मूठ वळा आणि हवेत ठोसा मारा. थोडा विरोध जाणवायलाच हवा, नवा फोम आहे. पण मूठ अर्ध्यावर अडकत असेल तर बोटांत जागा कमी आहे.

ही तपासणी कोरड्या, नव्या ग्लोव्हवर होते आणि नवा ग्लोव्ह खोटं बोलतो. कोमट पाण्यात, साधारण ३० अंशांच्या आसपास, एकदा धुऊन घेतला की कारखान्यातली रसायनं निघतात, लेटेक्स जागं होतं आणि ग्लोव्ह थोडा सैलावतो. पुढच्या तीन-चार सरावांत आणखी सैलावतो. माझा अनुभव असा की तो रुंदीला देतो, लांबीला देत नाही. पाठीचं कापड आणि बाजूच्या पट्ट्या ताणल्या जातात, बोटाच्या टोकावरची शिवण जिथल्या तिथे राहते. लांबीवरून नंबर ठरवा म्हणतो ते म्हणूनच. रुंदीला किंचित घट्ट असलेला ग्लोव्ह महिन्याभरात तुमचा होतो. लांबीला आखूड असलेला ग्लोव्ह फाटेपर्यंत आखूडच राहतो, आणि फाटतोही लवकर. अर्थात धुतलेला ग्लोव्ह कुणी परत घेत नाही, म्हणून भिंतीवरची परीक्षा घरात, कोरड्या चेंडूने आणि धुण्याआधी करायची.

घट्ट आणि सैल यांपैकी जास्त वाईट काय? घट्टमध्ये नखं दुखतात, हात पूर्ण उघडत नाही, ताणलेलं लेटेक्स टोकाशी पातळ होऊन लवकर झिजतं. सैलमध्ये नुकसान उशिरा कळतं. मी सतरा-अठरा वर्षांचा असताना मोठा ग्लोव्ह म्हणजे मोठा हात अशा समजुतीने एक नंबर वरचा घालायचो. पावसात एक क्रॉस, म्हणजे मैदानाच्या कडेने गोलपुढे मारलेला चेंडू, आला, चेंडू अनामिकेपुढच्या पोकळ टोकावर बसला, ते टोक मागे दुमडलं आणि त्याबरोबर बोटही. गोल झाला तो वेगळाच, पण ते बोट दोन महिने वाकत नव्हतं. तेव्हापासून निवडायचीच वेळ आली तर मी किंचित घट्टच्या बाजूला कलतो.

इथे हमखास कुणीतरी सेप मायरचं नाव काढतं. पश्चिम जर्मनीचा हा कीपर, १९७४चा विश्वविजेता, भल्यामोठ्या ग्लोव्हजसाठी ओळखला जायचा. बरोबर आहे, आणि नियमांत ग्लोव्हच्या आकारावर मर्यादाही नाही. मर्यादा कसली, ग्लोव्हज घालायची सक्तीच नाही. शर्ट, शॉर्ट्स, मोजे, नडगीचे गार्ड आणि बूट एवढंच सक्तीचं. २००४च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालच्या रिकार्डोने इंग्लंडविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये ग्लोव्हज काढून टाकले, उघड्या हातांनी व्हॅसेलची पेनल्टी अडवली आणि लगेच स्वतःची मारून सामना जिंकून दिला. म्हणून कुणी उद्यापासून उघड्या हातांनी खेळायला लागलं नाही. मायरच्या ग्लोव्हजचंही तसंच समजा. तो मायर होता.

आतापर्यंतचं तुमच्यापुरतं गोळा करतो. तुमचा घेर ८ इंचांच्या काठावर, लांबी दीड नंबर पुढे. फ्लॅट कटमध्ये तुम्हाला कुठलाच नंबर सुखाने बसणार नाही, तेव्हा तो यादीतून काढा. पहिली पसंती निगेटिव्ह कट, ९.५ नंबर. अर्धे नंबर सगळ्या कंपन्या काढत नाहीत. तुमची काढत नसेल तर निगेटिव्हमध्येच १० घालून बघा, ९कडे परत जाऊ नका. निगेटिव्ह मिळालाच नाही तर रोल फिंगर १०, आणि मनगटाला दोन वेढे घेणारा लांब पट्टा असलेला. मनगट घट्ट धरलं की तळवा फिरणं पुष्कळ कमी होतं. पट्ट्याविना येणारे, नुसत्या लवचिक बंधावर बसणारे ग्लोव्हज दिसायला देखणे असतात, पण अरुंद मनगटाला ते धोक्याचे. बोटांना टेप लावून खेळत असाल तर वरची सगळी तपासणी टेप लावूनच करा. टेपने बोट जाड होतं, आणि निगेटिव्ह कटमध्ये तेवढा फरक लगेच जाणवतो.

तुमची जुनी जोडी टाकून दिली नसेल तर एकदा तिच्याकडे बघा. टोकांच्या शिवणी उसवलेल्या आणि लेटेक्स फक्त टोकांना विरलेलं असेल तर ती लहान होती. बोटांच्या मुळाशी आडव्या घड्या पडून तिथे भेगा गेल्या असतील तर ती मोठी होती, चेंडू पकडताना तळवा गोळा होत होता. तळव्याच्या मधोमध आणि अंगठ्याखाली सारखी झीज असेल तर माप जमलं होतं, तोच कट आणि तोच नंबर पुन्हा शोधा.

आता भाचा. वाढत्या अंगाचे कपडे घ्यायची आपली सवय ग्लोव्हजना लावू नका. कपडा दोन वर्षांनीही कपडाच राहतो. लेटेक्स तसं नाही. आठवड्याला दोन-तीन सराव आणि एक सामना असं खेळणाऱ्या मुलाची जोडी एक हंगाम निघाली तर भरपूर झालं, आणि न वापरता ठेवलेलं लेटेक्सही कोरडं पडून कडक होत जातं. हात ग्लोव्हमध्ये मावेनासा होईपर्यंत ग्लोव्हच संपलेला असतो. दोन नंबर मोठा घेतलात तर पहिलं वर्ष, म्हणजे पकड चांगली असते ते वर्ष, तो सैल हातांनी खेळेल. दुसऱ्या वर्षी माप जमेल तेव्हा लेटेक्सच राहिलेलं नसेल.

वाढीसाठी जागा सोडायचीच असेल तर टोकाशी एक ते दीड सेंटिमीटर, म्हणजे साधारण अर्धा नंबर. त्याहून जास्त नाही. अकराव्या वर्षी मुलांना ५ लागतो, ६ लागतो, क्वचित ७ही लागतो, वयावरून नंबर सांगणाऱ्या तक्त्यांवर जाऊ नका. त्याचा हात मोजा आणि वरचीच परीक्षा घ्या, फक्त चेंडू तो खेळतो त्या मापाचा हवा. त्या वयात तो बहुधा ४ नंबरचा असतो, घेर ६३.५ ते ६६ सेंटिमीटर. ५ नंबरच्या चेंडूवर लहान हात उगाच ताणला जातो आणि ग्लोव्ह लहान असल्याचा भास होतो.

काड्यांचे ग्लोव्हज त्याला देऊ नका असं मी म्हणेन. काही प्रशिक्षकांना ते सुरक्षित वाटतात, त्यांच्याशी माझं जमत नाही. छोट्या हातात काडी सांध्याशी जुळवणं कठीण असतं, आणि या वयात बोटांना चेंडू कळणं जास्त महत्त्वाचं. लेटेक्स ३ मिलिमीटरचं पुरे. जाड फोमने लहान मूठ वळतच नाही. सरावाला टिकाऊ, कडक लेटेक्सची साधी जोडी आणि सामन्याला मऊ लेटेक्सची, अशा दोन घेतल्यात तर दोन नंबर मोठ्या एका महागड्या जोडीपेक्षा दोन्ही जास्त दिवस साथ देतील. मोजताना मात्र भाच्याला बसवून घ्या आणि कुठे दाबतंय ते त्याला दाखवायला सांगा. नवी जोडी हातातून जाऊ नये म्हणून मुलं सगळं बरोबर बसतंय असंच सांगतात. तेव्हा ग्लोव्ह काढल्यावर त्याच्या बोटांची टोकं पाहा. ती पांढरी पडली असतील किंवा नखाशेजारी शिवणीचा ठसा उमटला असेल, तर अर्धा नंबर वर जा.